आधुनिक भारतीय फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताना

भारतीय पदार्थांना परदेशी तंत्राची, परदेशी घटकांची किंवा नव्या मांडणीची जोड देणारी रेस्टॉरंट्स आता आपल्या मोठ्या शहरांत चांगलीच रुजली आहेत. तरीही तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनावर थोडे दडपण असते. मेन्यूवरचे निम्मे शब्द ओळखीचे आणि निम्मे अनोळखी असतात, समोर आलेल्या ताटलीतले काय खायचे आणि काय नुसते सजावटीचे आहे हे चटकन कळत नाही, आणि आजूबाजूची मंडळी सराईत वाटत असल्यामुळे कोणाला विचारायलाही संकोच वाटतो. हा संकोच अनाठायी आहे, असे मला मनापासून वाटते. ज्याने घरी वर्षानुवर्षे आमटी, कढी, थालीपीठ आणि उकडीचे मोदक खाल्ले आहेत त्याला या जेवणाचा अर्धा भाग आधीच ठाऊक असतो, आणि उरलेला अर्धा भाग मोकळेपणाने विचारून समजून घेता येतो. कोणत्या टप्प्यावर काय विचारायचे आणि काय सांगायचे, एवढेच नवख्याने शिकायचे असते.

थोडी पार्श्वभूमी

न्यू यॉर्कमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'तबला' या रेस्टॉरंटमध्ये मुंबईत जन्मलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी भारतीय मसाले आणि पाश्चात्त्य पद्धतीचा स्वयंपाक यांचा मेळ घातला. २००१ साली लंडनमध्ये विनीत भाटिया आणि अतुल कोचर यांना मिशेलिन तारा, म्हणजे मिशेलिन मार्गदर्शिकेकडून उत्तम रेस्टॉरंटना दिला जाणारा मान, मिळाला आणि भारतीय जेवणाकडे पाहण्याची युरोपातली दृष्टी बदलू लागली. दिल्लीत २००९ साली 'इंडियन ॲक्सेंट' सुरू झाले, बँकॉकमध्ये २०१० साली गगन आनंद यांनी आपले रेस्टॉरंट काढले, आणि मुंबईत 'मसाला लायब्ररी' २०१३ मध्ये, 'द बॉम्बे कॅन्टीन' २०१५ मध्ये आणि 'मास्क' २०१६ मध्ये आले. दुबईतल्या 'ट्रेसिंड स्टुडिओ'ला २०२५ साली मिशेलिनचे तीन तारे मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

'आपल्या पदार्थांत बाहेरचे कशाला मिसळायचे' असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो, म्हणून एक गोष्ट इथे सांगतो. उपवासाला आपण श्रद्धेने खातो त्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस मुळात अमेरिका खंडातले आहेत. युरोपीय व्यापाराबरोबर ते जगभर पसरले आणि आपल्याकडे असे मुरले की त्यांच्यावाचून उपवास सुचत नाही. त्यामुळे एखादा पदार्थ मिश्र आहे एवढ्यावरून तो नाकारण्याचे कारण नाही. मिश्रण जमले आहे की नाही, हे मात्र अवश्य पाहावे.

रेस्टॉरंट निवडताना

अशा ठिकाणांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मेन्यूवरून आपल्याला हवे ते पदार्थ वेगवेगळे मागवता येतात. याला 'आ ला कार्ट' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात शेफने ठरवलेले आठ, दहा किंवा त्याहून अधिक लहान पदार्थ ठरलेल्या क्रमाने येतात आणि माणशी ठरावीक रक्कम घेतली जाते; हा 'टेस्टिंग मेन्यू'. 'मास्क'ची ओळख अशाच मेन्यूसाठी आहे. चेन्नईत २०१७ साली सुरू झालेल्या 'अवर्तना'मध्ये दक्षिण भारतीय पदार्थांचे असेच क्रमवार जेवण मिळते, तर 'द बॉम्बे कॅन्टीन'मध्ये चारचौघांनी मिळून हवे ते मागवून वाटून खाता येते.

नवख्याने सुरुवात पहिल्या प्रकारापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टेस्टिंग मेन्यूला अडीच ते तीन तास सहज लागतात, मध्येच एखादा पदार्थ आवडला नाही तरी त्याऐवजी दुसरा सहसा मागवता येत नाही, आणि खर्चही मोठा असतो. आ ला कार्टमध्ये दोन-तीन पदार्थांवर अंदाज घेता येतो, तेही परवडेल तेवढ्याच खर्चात. दुपारच्या जेवणाचा वेगळा, कमी दराचा मेन्यू काही ठिकाणी असतो. पहिल्या भेटीसाठी तो उत्तम. दुपारी गर्दीही बेताची असते, त्यामुळे वाढणाऱ्यांना आपल्याशी बोलायला सवड मिळते.

सोबत कोण आहे याचाही विचार आधीच करावा. लहान मुलांना तीन तास एका जागी बसवणे त्यांच्यावर आणि आपल्यावरही अन्यायाचे ठरते, शिवाय टेस्टिंग मेन्यूसाठी काही ठिकाणी वयाची अटही असते. आई-वडील किंवा सासू-सासरे सोबत असतील तर बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का, संगीत किती मोठ्या आवाजात असते, आणि तिखट किंवा चावायला कठीण पदार्थ टाळता येतात का, हे फोनवर विचारून घ्यावे. उंच स्टुलांवर बसवले गेल्यामुळे ज्येष्ठांची संध्याकाळ अवघडून जाण्याचे प्रसंग पुष्कळ घडतात, आणि एका फोनने ते टळू शकतात.

रेस्टॉरंट ठरले की त्याचा चालू मेन्यू आणि दर पाहून घ्यावेत. अशा ठिकाणचे मेन्यू ऋतूनुसार बदलतात, म्हणून वर्षभरापूर्वीच्या छायाचित्रांवर विसंबू नये. दर पाहताना त्यात कर धरलेला आहे की नाही हे तपासावे; बहुतेक ठिकाणी तो धरलेला नसतो.

आरक्षण, आणि त्या वेळी सांगायच्या गोष्टी

शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय जागा मिळणे कठीण असते. आरक्षण करताना वेळ किती मिळेल हे विचारावे, कारण संध्याकाळी दोन पाळ्यांत टेबले देणाऱ्या ठिकाणी पहिल्या पाळीतल्यांना ठरावीक वेळेला उठावे लागते. टेस्टिंग मेन्यूसाठी पुष्कळदा आगाऊ रक्कम घेतात; आयत्या वेळी येणे रद्द झाले तर ती परत मिळते का, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे.

या टप्प्यावरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आपली पथ्ये सांगणे. नेहमीच्या हॉटेलात 'व्हेज' एवढा एक शब्द पुरतो. फ्यूजन स्वयंपाकात तो पुरत नाही, कारण इथे परदेशी घटक वापरले जातात आणि त्यातल्या कित्येकांमागचा कच्चा माल आपल्याला ठाऊक नसतो. जेलीसारख्या थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते आणि ते प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनते. तेच काम अगर-अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, वापरूनही होते आणि ते समुद्री शेवाळापासून मिळते. पारंपरिक पार्मेझान चीज तयार करताना दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. कोरियन किमचीत बहुधा माशांचा सॉस असतो, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, आणि जपानी पद्धतीच्या 'दाशी' रश्श्यात सुकवलेला मासा असतो. भारतात शाकाहारी म्हणून वाढल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी स्वयंपाकघरे साधारणपणे याची काळजी घेतात, तरीही जे कटाक्षाने शाकाहार पाळतात त्यांनी जिलेटिन, रेनेट आणि माशांचा सॉस ही तीन नावे घेऊन विचारावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, आणि नेमका प्रश्न आला की वाढणारा स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून येतो.

जैन पद्धतीचे जेवण हवे असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच सांगितले पाहिजे. रस्से, चटण्या आणि मसाल्यांची वाटणे सकाळीच तयार होतात, त्यातला कांदा-लसूण रात्री आठ वाजता काढता येत नाही. अंडे चालत नसेल तर तेही निराळे सांगावे, कारण केक, मूस (हलका, फेसाळ गोड पदार्थ) आणि काही सॉस यांत ते दिसत नाही. मद्य न घेणाऱ्यांनी गोड पदार्थांविषयी अवश्य विचारावे. 'द बॉम्बे कॅन्टीन'चा प्रसिद्ध 'गुलाब नट' हे याचे चांगले उदाहरण आहे: गुलाबजाम आणि डोनट यांच्या मिलाफातून केलेल्या या पदार्थात पिस्त्याचे क्रीम असते आणि तो ओल्ड मंक रममध्ये भिजवलेला असतो. एकाच पदार्थात मद्य आणि सुकामेवा दोन्ही आले. रम न चालणाऱ्याने आणि पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्याने आधी विचारलेले बरे.

ॲलर्जीच्या बाबतीत तर भीड अजिबात ठेवू नये. शेंगदाणे, काजू-बदामादी सुकामेवा, दूध, अंडे, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन आणि गहू हे ॲलर्जीचे नेहमीचे घटक या स्वयंपाकात अनपेक्षित जागी भेटतात. पांढऱ्या रश्श्यात काजूचे वाटण असते, पूर्व आशियाई वळणाच्या पदार्थांत सोया सॉस असतो आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. गहू ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी हिंगाबद्दलही विचारावे, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. 'मला हे आवडत नाही' आणि 'मला याचा त्रास होतो, दवाखान्यात जावे लागते' या दोन्ही गोष्टी स्वच्छ शब्दांत वेगळ्या करून सांगाव्यात. दुसरे वाक्य ऐकले की चांगले स्वयंपाकघर भांडी आणि सुऱ्याही वेगळ्या काढते.

पोशाखाबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. नीटनेटके कपडे बहुतेक ठिकाणी चालतात. पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना अर्धी चड्डी आणि स्लिपर घालून येऊ देत नाहीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मेन्यू वाचताना

वेळेवर पोहोचावे, बसल्यावर पाणी कोणते हवे असे विचारतील. बाटलीबंद पाण्याचे पैसे बिलात लागतात आणि रेस्टॉरंट त्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकते. साधे गाळलेले पाणी हवे असल्यास तसे निःसंकोच सांगावे, त्यात काही कमीपणा नाही.

मेन्यूवरचे पदार्थाचे नाव लांबलचक दिसले तरी ते वाचण्याची एक सोपी रीत आहे. नावातला ओळखीचा भारतीय पदार्थ किंवा घटक आधी शोधावा, मग त्याचे काय केले आहे ते पाहावे. 'डाळ-भात अरांचिनी' हे नाव घ्या. डाळ-भात आपल्याला ठाऊक आहे. अरांचिनी म्हणजे भाताचे गोळे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळण्याचा इटलीतला प्रकार. दोन्ही जोडले की ताटलीत काय येणार याचे चित्र उभे राहते: बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वरणभाताच्या चवीचा तळलेला गोळा. जो शब्द कळत नाही तो विचारावा. 'हे कशासारखे लागते?' हा प्रश्न 'हे काय आहे?' यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्याचे उत्तर तंत्राच्या नावात न येता चवीत येते.

काही शब्द वारंवार भेटतात, ते समजून घ्यावेत. 'डीकन्स्ट्रक्टेड' म्हणजे पदार्थाचे घटक एकत्र न करता सुटे मांडलेले. ते आपण एकाच घासात एकत्र करून खायचे असतात. 'सू-वीड' म्हणजे पदार्थ हवा काढलेल्या पिशवीत बंद करून, बेताच्या व स्थिर तापमानाच्या पाण्यात बराच वेळ शिजवणे. त्यामुळे मांस किंवा मासा शेवटपर्यंत एकसारखा मऊ राहतो, पण आतून गुलाबी दिसू शकतो. पूर्ण शिजलेलेच हवे असेल तर मागवतानाच सांगावे. 'स्मोक्ड' म्हणजे धुरी दिलेले, आणि दह्याच्या कोशिंबिरीत किंवा वांग्याच्या भरितात निखाऱ्यावर तूप घालून धुंगार देणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटायला नको.

किती मागवावे, याचा अंदाज नवख्यांचा बहुधा चुकतो. ताटल्या लहान दिसतात म्हणून सुरुवातीलाच पाच-सहा पदार्थ मागवले जातात आणि मुख्य जेवणापर्यंत भूक उरत नाही. दोघांसाठी दोन लहान पदार्थ, एक मुख्य पदार्थ, त्यासोबत एक पोळी-नानचा किंवा भाताचा प्रकार आणि शेवटी एकच गोड पदार्थ वाटून, इतके साधारणपणे पुरते. शिवाय सगळे एकदम मागवायची सक्ती नसते. पहिले दोन पदार्थ मागवून 'पुढचे नंतर सांगतो' असे म्हणावे. 'सगळे एकाच वेळी न आणता एकेक करून आणा' हेही सांगून ठेवावे. नाहीतर गरम पदार्थ टेबलावर थांबून निवतात, आणि इथल्या कित्येक पदार्थांची सगळी गंमत पहिल्या दोन-तीन मिनिटांतच असते.

मद्य घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे, त्यामुळे तरुण मंडळींनी ओळखपत्र सोबत ठेवावे. न घेणाऱ्यांसाठीही आता उत्तम पेये असतात. कोकम, आवळा, कांजी किंवा कैरी यांवर आधारलेली आंबट-खारट पेये मागवावीत, कारण फार गोड पेयाने पुढच्या पदार्थांतले बारकावे जिभेला कळेनासे होतात.

ताटली समोर आल्यावर

वाढणारी व्यक्ती ताटली ठेवताना दोन वाक्यांत पदार्थाची माहिती देते. त्या वेळी गप्पा थांबवून ऐकावे. त्या दोन वाक्यांत पदार्थ कसा खायचा हे सांगितलेले असते, आणि ते ऐकणे ही वाढणाऱ्याविषयी आदर दाखवण्याचीही रीत आहे. ऐकू आले नाही तर पुन्हा विचारावे. छायाचित्र काढायचे असल्यास लगेच एक काढून मोबाइल बाजूला ठेवावा.

काही पदार्थ खाण्याची रीत खरोखरच निराळी असते. चमच्यात अंड्याच्या पिवळ्या बलकासारखा दिसणारा, चकचकीत पांढरा गोळा आला, तर तो बहुधा दह्याचा असतो. हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवतात आणि त्या पाण्यात मसाला घातलेले दही चमच्याने अलगद सोडतात. दह्यात मुळातच कॅल्शियम असते; ते अल्जिनेटला भेटताच गोळ्याभोवती पातळ पापुद्रा धरतो आणि आतले दही पातळच राहते. गगन आनंद यांच्या बँकॉकमधल्या रेस्टॉरंटमुळे हा दह्याचा गोळा जगभर प्रसिद्ध झाला. तो काट्याने किंवा सुरीने फोडू नये आणि अर्धा चावू नये. पूर्ण गोळा तोंडात घेऊन ओठ मिटावेत आणि जिभेने टाळूवर दाबावा. पापुद्रा फुटतो आणि दहीवड्यातली, चाटमधली ओळखीची चव एकदम तोंडभर पसरते.

फेसाच्या रूपात येणारा घटक पटकन खावा, कारण तो काही मिनिटांत बसतो. झाकणाखाली धूर भरून आणलेल्या पदार्थावरचे झाकण उचलल्यावर क्षणभर थांबून वास घ्यावा, तो त्या पदार्थाचाच भाग असतो. द्रव नायट्रोजनच्या बाबतीत मात्र सावध राहावे. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पेल्यातून किंवा वाटीतून पांढरे धुके निघत असेल आणि ते नायट्रोजनचे आहे असे सांगितले असेल, तर धुके पूर्ण थांबेपर्यंत आणि वाढणाऱ्याने 'आता घ्या' असे म्हणेपर्यंत तोंडाला लावू नये. द्रव नायट्रोजन पोटात गेल्यास गंभीर इजा होते. मुलांसमोर असे पेय ठेवू देऊ नये.

दगड, वाळलेल्या काटक्या, काचेचे मणी, कोरडे धान्य यांवर पदार्थ मांडून आणतात, तेव्हा खाण्याचा भाग कोणता हे विचारून घ्यावे. 'इंडियन ॲक्सेंट'मध्ये 'दौलत की चाट' हा दुधाच्या फेसाचा जुन्या दिल्लीतला हिवाळी पदार्थ खोट्या नोटांनी सजवून देतात. नोटा अर्थातच खायच्या नसतात. फुले आणि कोवळी पाने मात्र बहुधा खाण्याजोगी असतात.

हाताने खावे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. नान, कुलचा, टाकोसारखे दुमडलेले पदार्थ, कबाब हे हातानेच खावेत, आणि भातही हाताने खावासा वाटला तर खावा. भारतीय जेवण देणाऱ्या कोणत्याही चांगल्या रेस्टॉरंटमध्ये याला हरकत असता कामा नये. टेस्टिंग मेन्यूत तर काही पदार्थ मुद्दाम हाताने खाण्यासाठीच केलेले असतात.

जेवणाच्या मध्यावर एखादा लहानसा आंबट-गार पदार्थ आपण मागवला नसतानाही येतो. आधीच्या पदार्थाची चव जिभेवरून उतरावी आणि पुढच्यासाठी तोंड स्वच्छ व्हावे म्हणून तो असतो. सुरुवातीलाही असाच एक घासभर पदार्थ येतो. हे दोन्ही सहसा जेवणाच्या दरातच धरलेले असतात.

चव जोखताना

नवख्याने आपल्या जिभेवर विश्वास ठेवावा, हा या लेखातला माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. पदार्थ दिसायला सुंदर आहे आणि महाग आहे म्हणून तो चांगलाच असला पाहिजे असे नाही, आणि ओळखीचा नाही म्हणून वाईटही ठरत नाही. मी प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारतो: मूळ पदार्थाची खूण पटते का, आणि नव्या जोडीने त्यात काही भर पडली का?

समजा, 'आमटीचे रिसोटो' असा पदार्थ समोर आला. रिसोटो हा इटलीतला भाताचा मऊसर, मिळून आलेला प्रकार. त्याला चिकटपणा असलेला तांदूळ लागतो. आंबेमोहोर शिजल्यावर मऊ होतो आणि चिकटतो, म्हणून शेफने बासमतीऐवजी तो निवडला असेल तर निवड विचारपूर्वक केलेली आहे. आमटीची ओळख गोडा मसाला, चिंच किंवा आमसूल आणि गूळ यांच्या तोलात असते. पहिल्याच घासात तो तोल जाणवला आणि भाताच्या मऊपणामुळे आमटी-भात कालवून खाल्ल्याचे समाधान मिळाले, तर जोड जमली असे म्हणावे. पण वरून घातलेल्या चीजने गोड्या मसाल्याचा दगडफूल-तिळाचा वास झाकून टाकला आणि डोळे मिटून खाल्ल्यावर आमटी आठवलीच नाही, तर नाव आमटीचे असून पदार्थ दुसराच झाला. हे ओळखायला परदेशात शिक्षण घ्यावे लागत नाही. ज्याच्या घरी रोज आमटी होते तोच या ताटलीचा खरा परीक्षक असतो.

जे खटकले ते ताटली समोर असतानाच शांतपणे सांगावे. मीठ जास्त आहे, पदार्थ थंड आहे, मासा कच्चा वाटतो अशा तक्रारी चांगले रेस्टॉरंट तत्काळ दुरुस्त करते. संपूर्ण खाऊन झाल्यावर सांगितल्यास त्यांनाही काही करता येत नाही. जे आवडले तेही तितक्याच आवर्जून सांगावे, आणि नेमके काय आवडले ते सांगावे. असा निरोप आचाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि दिवसभर चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसांना त्याचे मोल असते.

बिल

बिल आले की प्रत्येक ओळ वाचावी. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असते, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो बिलात वेगळा दाखवलेला असतो.

सेवाशुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, हा कर नाही, तो रेस्टॉरंटने आकारलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे योग्य ठरवली. प्रत्यक्षात याने किती फरक पडतो ते पाहा. जेवणाचे ४,००० रुपये झाले, त्यावर १० टक्के सेवाशुल्क म्हणून ४०० रुपये लावले आणि एकूण ४,४०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी धरला, तर बिल ४,६२० रुपये होते. सेवाशुल्क काढल्यास ते ४,२०० रुपयांवर येते. ते काढून टाकण्याची विनंती सौम्य शब्दांत करावी. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सेवेने समाधान झाले असेल तर टीप मात्र खुल्या मनाने द्यावी, आणि शक्यतो रोख, वाढणाऱ्याच्या हाती द्यावी.

उरलेले अन्न बांधून मागायला संकोचू नये. रस्सा, भात, नान, कबाब हे घरी नेऊन त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नीट गरम करून खाता येतात, पण अर्धवट शिजवलेला मासा, कच्चे शिंपले, फेस किंवा क्रीमचे गोड पदार्थ बांधून घेऊ नयेत. काय टिकेल आणि काय नाही, हेही वाढणाऱ्यालाच विचारावे.